आईची शिंक

आई शिंकत नव्हती.

धुतलेल्या चादरींचा गठ्ठा छातीशी धरून लेक मागच्या दारात खिळून उभी राहिली. मागच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आई बसली होती. तिच्या पावलावर हनुवटी टेकून वरच्या पाहुण्यांचा कुत्रा पसरला होता, आणि आई त्याचा कान दोन बोटांत धरून हळूहळू चोळत होती, लहान मुलाला झोपवताना चोळावा तसा.

"मुकादम, पुरे आता," शेजारी उभी असलेली पाहुणी कुत्र्याला म्हणाली. "मावशींच्या पायाला मुंग्या येतील."

"येऊ देत," आई म्हणाली. "मुंग्याच येतील, वाघ नाही."

खरं तर हा मुकादम आईच्या दृष्टीस पडायचाच नव्हता. वरच्या दोन खोल्या सुटीवर येणाऱ्यांना आठवड्याच्या बोलीने द्यायला लागून पाच वर्षं झाली होती. फाटकावर पहिल्या दिवसापासून आईच्या हुकमाची पाटी होती: पाळीव प्राणी आणू नयेत. आईला कुत्र्याचं वावडं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. फोनवर लेक कितीजणांना नाही म्हणाली होती. या बाईंना मात्र तिच्याने तसं म्हणवलं नाही. "तेरा वर्षांचा आहे हो, माझ्याशिवाय जेवत नाही," त्या म्हणाल्या, आणि ती विरघळली. त्यांना मागच्या जिन्याने यायला सांगून तिने आठवडाभर जीव मुठीत धरायचं ठरवलं होतं. दुसऱ्याच दिवशी हे.

तिला आपलं अकरावं वर्ष आठवलं. शाळेतून येताना दप्तरात पिल्लू आणलं होतं, गणिताच्या वहीवर मुतलेलं. बाबा स्वयंपाकघरातून म्हणाले होते, "ठेव की. मला काय, दहा आणलीस तरी चालतील. तुझ्या आईला सोसायला हवं." आणि आई शिंकली होती. एक, दोन, ओळीने सात. संध्याकाळी पिल्लाची घरातून रवानगी झाली. लेक आईशी आठ दिवस बोलली नाही. पुढे बोलायला लागली, पण पहिल्यासारखी नाही. लाड करून घ्यायचे ते बाबांकडून, भांडायचं ते आईशी, अशी घरात वाटणीच होऊन गेली. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली, तरी वाटणी तशीच राहिली.

"आई."

आईचा हात थांबला. मागे न बघता तिने नाक वर केलं, तोंड उघडलं. शिंक काही येईना.

"राहू दे," लेक म्हणाली. "मी केव्हाची उभी आहे इथे."

आई पाहुणीकडे वळली. "जरा मुकादमांना कोपऱ्यापर्यंत फिरवून आणता?"

पाहुणी शहाणी होती. काही न विचारता कुत्र्याला घेऊन गेली.

"चाळीस वर्षं," लेक म्हणाली. "चाळीस वर्षं खोटं शिंकलीस. त्या एवढ्याशा पिल्लाने तुझं काय घोडं मारलं होतं? बाबा तर दहा आण म्हणत होते."

"म्हणत होते ना. कुठून म्हणत होते?"

"स्वयंपाकघरातून."

"ओट्यावरून," आई म्हणाली. "दप्तरातून कुंई ऐकू आलं आणि चढले ओट्यावर. एक पाय पातेल्यात."

बाबा अग्निशामक दलात होते. जळत्या घरात शिडीवरून शिरायचे आणि माणसं खांद्यावर टाकून बाहेर आणायचे.

"पान थरथरावं तसे कापत होते. आणि तू बाहेर उभी, त्यांच्या होकाराची वाट बघत. तू त्यांच्याकडे कशी बघायचीस, ते मला ठाऊक होतं. ते मोडलं असतं. म्हणून शिंकले."

लेक पायरीवर आईला खेटून बसली. चादरी मांडीवरून घसरल्या, त्या तिने उचलल्या नाहीत.

"मग ते गेल्यावर तरी थांबायचंस," ती म्हणाली. "नऊ वर्षं, आई."

"थांबले असते," आई म्हणाली, "तर तू कारण विचारलं असतंस."