अण्णांची गादी

"अण्णांसाठी चांगल्यात चांगली दाखवा," योगेश दुकानदाराला म्हणाला. सायखेड्याहून नवरा-बायको मुद्दाम नाशिकला आले होते. दुकानदार एकेक गादी उलगडत होता, योगेश दाबून दाबून बघत होता. प्रतिभा शेवटच्या गादीवर जरा टेकली, आणि टेकली ती आडवीच झाली. दोन वर्षं ती सासऱ्यांच्या खाटेशेजारी सतरंजीवर, त्यांच्या खोकल्याकडे कान लावून झोपली होती. आता डोळे आपसूक मिटले.

"अगं, ऊठ," योगेश खालच्या आवाजात म्हणाला. "उद्या अण्णांचं तेरावं. दानात द्यायची सेज कोरी लागते, तिच्यावर कुणी निजलेलं चालत नाही."

प्रतिभानं नुसती कूस बदलली.

"मग अण्णांना दुसरी बघा."