केबिनमधलं पाणी

दुपारच्या झोपेतून उठून रोहिदासने पलंगावरून पाय खाली टेकवले आणि झटकन वर घेतले. केबिनमध्ये पाऊल बुडेल एवढं पाणी होतं. धनेशने हौसेने आईबापाला मोखाड्याच्या पाड्यावरून उचलून गोव्याच्या क्रूझवर बसवलं होतं आणि निघताना बजावलं होतं, काहीही झालं तरी आधी लाइफ जॅकेट. रोहिदासने ते झोपलेल्या बायकोच्या गळ्यात अडकवलं.

"चंद्रे, ऊठ! जहाज बुडतंय!"

चंद्रकला दचकून उठली, पाणी पाहिलं आणि दाराकडे पळायचं सोडून बाथरूममध्ये घुसली. रोहिदासने दंड धरून ओढलं, तरी हलेना.

ओरडा ऐकून केबिन आवरणारी बाई धावत आली आणि या ओढाओढीत चंद्रकलाचा हात जिथे पोचत नव्हता, तो बेसिनचा नळ तिने बंद केला. जेवणाच्या वेळी दुरुस्तीसाठी पाणी तोडलं होतं. तेव्हा चंद्रकलाने गावच्या सवयीने नळ उघडाच ठेवला होता, पाणी आलं की आवाजाने जाग यावी म्हणून. आणि थेंबही वाया जाऊ नये म्हणून बेसिनला, मोरीला कापडाचे बोळे कोंबले होते.

रोहिदास मटकन पलंगावर बसला. चंद्रकला मात्र जॅकेटसकट जमिनीवर बसून टॉवेलने पाणी टिपत होती, चहाच्या किटलीत पिळत होती आणि हमसून हमसून रडत होती.

"रडू नका मावशी, जहाज नाही बुडत," बाई म्हणाली.

"जहाजाला कोन रडतंय?" चंद्रकला म्हणाली. "अख्ख्या घराचं दोन दिवसांचं पानी सांडलं माझ्या हातून."