नववा कागद

आठवा कागदही हिरवाच आला.

फोटोतल्या मेहुणीच्या हसऱ्या गालांवर शेवाळ चढलं होतं आणि कपाळावरून पांढऱ्या आडव्या रेघा गेल्या होत्या. त्याने तो कागद आधीच्या सातांवर टोपलीत टाकला. दहाच्या पाकिटात आता दोन उरले.

तो कवळ्या बनवायचा. पंचवीस वर्षं हेच काम. दातांमधली केसाएवढी फट त्याला बोटाने कळायची. आणि हा टीचभर प्रिंटर सकाळपासून त्याच्या नाकावर टिच्चून हिरवे चेहरे काढत होता. शाईचं हेड तीनदा साफ करून झालं होतं. दर सफाईला यंत्र घटाघट शाई प्यायचं आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या. एकदा कागदच उलटा घातला गेला, तेव्हा तर सगळा चेहरा ओघळून टेबलावर आला.

"अहो, दुकानात देऊ या ना," बायको म्हणाली. "बाबा चारला येतील."

"दुकानवाल्यांना काय पडलंय? आणि मी काढून देतो म्हटलंय ना त्यांना."

म्हटलं होतं, तीच तर पंचाईत होती. धाकटी मुलगी गेल्यापासून वर्षभर सासऱ्यांनी तिचं नावही काढलं नव्हतं. परवा फोनवर आपणहून म्हणाले, "खारूचा एक फोटो द्या. खोलीत लावीन म्हणतो." घरात सगळे तिला खारूच म्हणायचे. इतक्या वर्षांत त्या माणसाने जावयाकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

त्याने चौथ्यांदा हेड साफ केलं. बायको त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होती.

"इथे 'साधा कागद' असं का लिहिलंय? आपला तर चकचकीत आहे ना?"

तो बघतच राहिला. सकाळपासून त्याने सगळं खालीवर केलं होतं, तेवढं सोडून.

बायको खो खो हसली. तिचा वरचा एक दात शेजारच्यावर चढलेला होता, हसली की आधी तोच दिसायचा. लग्नानंतर त्याने दोनदा सुचवलं होतं, सरळ करून घे म्हणून. दोन्ही वेळा तिने विषय उडवून लावला होता.

नववा कागद खरे रंग घेऊन आला. गाल गालासारखे, केस केसांसारखे. त्याने आनंदाच्या भरात तो झटकन उचलला आणि ओल्या शाईवर अंगठा फिरला. कानापासून हनुवटीपर्यंत तपकिरी फराटा. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं त्याला वाटलं. तोही टोपलीत गेला.

बायको चहा टाकायला आत गेली.

आता एकच कागद. या वेळी घाई नाही. चेहरा नीट उठेल ना हे बघायला त्याने तो पडद्यावर मोठा केला, आणखी मोठा केला. पडदाभर नुसतं हसू पसरलं. वरचा एक दात शेजारच्यावर चढलेला. सकाळपासून एक गोष्ट मनासारखी झाली नव्हती, आणि हे तर त्याच्या हातचं काम. दहा मिनिटांत त्याने पडद्यावरच दात ओळीत बसवला.

दहावा कागद बाहेर आला. त्याने अर्धा तास त्याला हात लावला नाही. रेघ नाही, डाग नाही. शाई संपल्याचा दिवा लुकलुकायला लागला, तर म्हणाला, लुकलुक बाबा. मग फोटो फ्रेममध्ये बसवला.

सासरे चारला आले. फ्रेम दोन्ही हातांत धरून त्यांनी बराच वेळ पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"फोटो झकास आलाय," ते म्हणाले. मग हळूच, "पण ही खारू नाही."

"बाबा, तिचाच आहे तो. फक्त दात तेवढा ओळीत घेतला. बरा दिसतोय ना?"

बायकोने हातातला कप खाली ठेवला.

"त्या दातापायी तर खारू म्हणायचो तिला," सासरे म्हणाले. "हसली की अगदी खार."

तो लगेच उठला. "मी आत्ता शाई आणतो, कागद आणतो..."

सासरे तोवर टोपलीपाशी वाकले होते. हिरव्या कागदांवर पडलेला नववा त्यांनी बाहेर काढला.

"हा द्या."

"बाबा, तो बिघडलाय. माझा अंगठा लागलाय त्याला."

"लागू दे. गालच पुसलाय ना? दात शाबूत आहे."

फ्रेम पुन्हा उघडून त्याने तो फोटो आत बसवला. मागच्या क्लिपा दाबून बसवल्या. दहावा कागद टेबलावरच पडून राहिला, त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

सासरे फ्रेम छातीशी धरून जिना उतरले. बायको दारात उभी होती. "सावकाश जा, बाबा," म्हणाली आणि हसली. मग वळली, नवरा मागेच उभा असलेला तिला दिसला, आणि तिने ओठ मिटून घेतले.