राजुऱ्यात घर पाहिजे

"आम्ही फॅमिलीलाच घर देतो," असं म्हणत घरमालकानं किल्ल्यांचा जुडगा परत खिशात टाकला.

"फॅमिलीच त आहो आम्ही," नानाजी म्हणाले. "मी, पोरगा, सून अन् हे नात. अजून काय पाहिजे?"

"तसं नाही हो. सूनबाई डंपर चालवतात म्हणता. म्हणजे रात्री-बेरात्री येणं-जाणं, गेटचा आवाज. कॉलनीतले लोक मलाच विचारतील ना!"

हे बोलताना त्यानं साधनाकडे पाहिलं नाही. ती समोरच उभी होती.

चौघं रस्त्यावर आली. छोट्या परीनं त्या घरातली खिडकीजवळची जागा आपल्या अभ्यासासाठी ठरवूनही टाकली होती. तिला हाताला धरून बाहेर आणावं लागलं.

उन्हं तापली होती. गावाकडे कोळशाच्या खाणीचा कडा शेवटच्या घरांपाशी येऊन ठेपला होता आणि दिवाळीच्या आत गाव उठणार होतं. बरेच लोक चंद्रपूरला निघाले होते. नानाजींनी मात्र राजुरा धरला. इथं शाळा चालत जाण्यासारखी, दवाखाना जवळ, आणि साधना डंपर चालवायची ती खाणही फार लांब नाही. सगळं पटलं होतं. घर तेवढं मिळत नव्हतं.

"बाबा," प्रणित चालता चालता हळूच म्हणाला, "आता पुढच्या ठिकानी डंपरचं काढू नोका. ऑफिसात हाये म्हनू. कंपनीतच त हाये, खोटं काय त्यात?"

नानाजींनी चालण्याचा वेग वाढवला. साधनानं परीच्या फ्रॉकची कॉलर नीट केली, झालेली होती तरी पुन्हा केली.

दुसरं घर शाळेच्या मागच्या गल्लीत होतं. वर घरमालकीण नीलाबाई एकट्या राहायच्या, खालचं भाड्यानं द्यायचं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, अंगणात शेवग्याचं झाड. नळाला पाणी धो धो येत होतं. शाळेतल्या पोरांचा कालवा थेट ओसरीवर ऐकू येत होता. परी गेटवर चढून झोके घेऊ लागली. तिला कोणी खाली उतरवलं नाही, म्हणजे घर सगळ्यांनाच आवडलं होतं.

नीलाबाईंनी पाणी दिलं आणि पायरीवर बसल्या. "काय करतं घरात कोन कोन?"

"माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान हाये, मावशी," प्रणित म्हणाला.

"अन् सूनबाई?"

"कंपनीत हाये. ऑफिसात. कम्प्युटरवर."

नानाजींनी साधनाकडे पाहिलं. तिनं हातातला पाण्याचा गिलास खाली ठेवला आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

शेत खाणीत गेलं तेव्हा बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली. प्रणितचा डावा डोळा अधू, तो तपासणीत बसेना. मग साधना गेली. आधी झाडलोट केली, नंतर स्वतः होऊन डंपर शिकायला नाव दिलं. एकदा कामगारांच्या घरच्यांना खाण दाखवायला नेलं होतं, तेव्हा नानाजी कड्यावर कठड्याला धरून उभे होते. खाली आपलं शेत नेमकं कुठं होतं ते शोधत होते, ते काही सापडेना. तेवढ्यात एक डंपर खालून चढण चढत आला, कोळशानं शिगोशीग भरलेला. वळणावर न अडखळता वळला. शेजारच्या कोणीतरी विचारलं, कोन चालवून राह्यलं जी? नानाजी मात्र वर काचेआड बसलेल्या साधनाकडेच बघत राहिले होते.

आता मात्र ते खुर्चीतून उठले.

"नीलाबाई, पोरगा खोटं बोलला. सून ऑफिसात नाई. डंपर चालवते खाणीत. दिवसपाळी राहाते, रातपाळीबी राहाते. कधी येते, कधी जाते, काई ठिकाना नाई. हे चालत असन त घर द्या. नसन चालत त राहू द्या, आमी दुसरं पाहून घेऊ. पन तिचं काम लपवून मले घर नोको."

प्रणितनं मान खाली घातली. साधना सासऱ्यांकडे बघतच राहिली. गेटचा कुरकुर आवाज थांबला. परीनंही झोका थांबवला होता.

नीलाबाईंनी साधनाला नीट न्याहाळलं.

"मले रात्री गोळी खाऊन झोप लागते," त्या म्हणाल्या. "गेट उघडाले मी काई उठनार नाई."

प्रणित पिशवी उचलून उभा राहिला.

"बस ना रे! काऊन उठून राह्यला?" त्या म्हणाल्या. "गेटची एक किल्ली सूनबाईजवळ राहू द्या, असं म्हनून राह्यली मी. रातची आली, आपलं आपन उघडलं. माझी झोपमोड नाई, तिले थांबाचं काम नाई."

प्रणितनं पिशवी खाली ठेवली. नीलाबाईंनी साधनाला विचारलं, "पन बाई, थो डंपर घरी त नाई आनत ना? गल्ली लहान हाये आमची."

साधनाला हसू फुटलं. मग ते आवरेना. पदर तोंडाला लावून ती हसत सुटली आणि तिच्या मागोमाग परीही.

"काऊन हासता? केवढा राहाते थो?" नीलाबाईंनी नानाजींना विचारलं.

नानाजींनी हात डोक्याच्याही वर नेला. "हे नुसतं चाक."

मग त्यांना ते पुरेसं वाटलं नसावं. ते अंगणात मधोमध जाऊन उभे राहिले. टोपी पडू नये म्हणून तिच्यावर एक हात ठेवला, मान पार मागे टाकली आणि दुसऱ्या हाताचं बोट वरच्या मजल्याच्या गॅलरीकडे केलं.

"थे पाहा," ते म्हणाले. "तेवढ्या उंच बसते आमची सून."