टेबलाच्या पलीकडे

“पुस्तकांची पेटी आज परत न्यावी लागेल,” पुस्तकवाल्या बाई दारातच म्हणाल्या. तीन जिने चढून त्यांना धाप लागली होती. टेबलापलीकडचं एकुलतं स्टूल चिमीचं. तिने ते निमूट सोडलं.

इस्त्रीवालीने मान वर केली नाही. विजेची इस्त्री तेव्हा फारशी कुणाकडे नसे. हिची कोळशाची, जड. “का हो बाई? रोज वाचून दाखवते की मी पोरीला.”

हे वाक्य बाईंनी घरोघरी ऐकलं होतं. गरिबांच्या पोरांना शाळेआधी पुस्तकाची ओळख व्हावी म्हणून त्या वर्षानुवर्षं जिने चढत होत्या. पेट्या मात्र जशाच्या तशा परत यायच्या.

“कधी वाचतेस? दिवसभर तर उभी असतेस.”

“हात अडकलेत, तोंड मोकळंच आहे. एवढे साहेबांचे शर्ट, पण एकही बोलत नाही माझ्याशी.”

बाई हसल्या नाहीत. टेबलावर, शर्टांच्या ढिगाशेजारी, एक पुस्तक उघडं पडलं होतं. स्टुलावरून त्यांना अक्षरं उलटी दिसत होती. त्यांनी ते ओढून घेतलं. खालची कड करपली होती.

“इस्त्री टेकवायला बरं पडतं, होय?”

“चुकून लागली हो. चिमे, इकडे येऊ नकोस, भाजेल! पलीकडेच थांब.”

“पेट्या थोड्या, घरं फार. जिथे वाचतात तिथे द्यायला हवी.”

“नका नेऊ, बाई. पोरीला तेवढंच तर आहे. हवं तर बघा तिला विचारून.”

बाईंनी पिशवीतून कोरं करकरीत पुस्तक काढलं, पहिलं पान उघडून चिमीच्या हातात दिलं. ही त्यांची जुनी परीक्षा. घरात पुस्तक उघडत असेल, तर पोर निदान ते सरळ धरतं.

चिमीने पानाकडे पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि पुस्तक फिरवून उलटं धरलं. चित्रातल्या झाडाचा शेंडा जमिनीकडे गेला.

“अगं, सरळ धर!” आईचा चेहरा उतरला.

“राहू दे.” बाईंनी पेटीचं झाकण लावलं. त्यांना राग आला नव्हता. नुसते गुडघे दुखत होते, आणि अजून जिने उतरायचे होते.

चिमीने उलट्या पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट टेकवलं, ते सावकाश डावीकडे सरकवलं आणि अगदी आईच्या सुरात वाचलं, “एका झाडावर एक खार राहत होती. तिला रोज उशीर व्हायचा.”