उरलेला रस

ख्रिस्ती धर्मशास्त्र विद्यालयात दर गुरुवारी सर्व पंथांचे संयुक्त प्रभुभोजन चालवणारा प्राध्यापक तासाभरात ओकू लागे. त्याच प्याल्यातून द्राक्षरसाचा घोट घेणाऱ्या तीस जणांना मात्र काहीच होत नसे. आधी स्वीडनचे लूथरन, मग नैरोबीचे मेथडिस्ट, नंतर केरळचे सीरियन फादर, असे तिघे आडवे झाले.

“पंथांची ही भेळ वरच्याला आवडलेली दिसत नाही,” फादर बुधवारी म्हणाले. “उद्या पाळी तुमची, मार्थाबाई. बादली जवळ ठेवा.”

तिथेच शिकवणाऱ्या मार्था रणभिसे हसल्या. आणखी कोणी आजारी पडले, तर प्राचार्य ही उपासना बंद करणार होते. ती सुरू व्हावी म्हणून त्या सहा वर्षे भांडल्या होत्या. आणि फादरांचे म्हणणे खरे असले तर?

सकाळी सगळ्यांचे घोट झाले. उरलेला वाटीभर रस रिवाजाप्रमाणे उपासना चालवणाऱ्याने एकट्याने संपवायचा होता. त्यांनी प्याला ओठांशी नेला आणि त्या थबकल्या. आतल्या कडेला हिरवट वलय होते. त्याखाली पितळ सोन्यासारखे लखलखत होते.

“बाई, काय झालं?” फादरांनी घाबरून विचारले.

“रस कळकलाय,” त्या म्हणाल्या.

महिन्यापूर्वी परदेशी पाहुणे येणार म्हणून प्याल्याच्या आतला काळवंडलेला थर त्यांनीच चिंच लावून, मळ समजून, घासून काढला होता. ती पितळेवरची कथलाची कल्हई होती. तेव्हापासून दर बुधवारी संध्याकाळी भरून ठेवलेला आंबट द्राक्षरस रात्रभर उघड्या पितळात कळकून विषारी होत होता. तो घोटभराने बाधत नव्हता. वाटीभराने बाधत होता.