बिनहरकत इतिहास

"हरकत असन तं बोल, उत्तम," वामनराव म्हणाले आणि थांबले.

पलंगावर उशीला टेकून बसलेले उत्तमराव नुसते बघत राहिले.

"मंग मान्य," म्हणून वामनरावांनी कागद उलटला.

चांदूर बाजारच्या साहित्य व वादविवाद मंडळाचा हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. विधान करायचं, हरकत विचारायची, कोणी बोललं नाही तर विधान मान्य. नियम या दोघांनीच ऐन तारुण्यात घातला होता. आता मंडळाला साठ वर्षं होत होती, हीरक महोत्सव तोंडावर आला होता आणि वामनराव मंडळाचा इतिहास लिहीत होते. उत्तमरावांना दिवाळीत अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यात वाचा गेली. तेव्हा दुसऱ्या संस्थापकाची संमती घ्यायला वामनराव रोज संध्याकाळी त्यांच्या घरी येत. दोस्त असावा तर असा, असं गाव म्हणे.

गावाचं काय जातं म्हणायला! मंडळाच्या उभ्या आयुष्यात वामनरावांनी उत्तमरावांना एकदाही हरवलं नव्हतं. वामनराव भाषण आठवडाभर पाठ करीत, आरशासमोर बोट उंचावून बघत. उत्तमराव फुलांच्या वावरातून तसेच येत, धोतराला हात पुसत, उभे राहत आणि सभा खिशात घालत. अकोल्याच्या वादविवाद स्पर्धेच्या अंतिम फेरीत तर वामनराव भर सभेत अडकले ते अडकलेच. चषक उत्तमरावांच्या मांडीवर बसून यष्टीनं गावात आला. ते शल्य वामनरावांनी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

सुरुवातीला त्यांनी जपूनच लिहिलं. 'चहा शाप की वरदान या वादात दोन्ही पक्ष तुल्यबळ ठरले.' वाचून दाखवलं, हरकत विचारली. उत्तमराव गप्प. दुसऱ्या दिवशी तोच वाद वामनरावांनी जिंकला. मग त्यांची भीड चेपली. संक्रांत उलटेपर्यंत ते मागचे सगळे वाद जिंकून अकोल्याला पोचले होते.

नुसतं जिंकून भागेना तेव्हा ते पलंगासमोर उभे राहून जुनी भाषणं करू लागले. "दे ना उत्तर! लय जीभ चालत होती ना तुयी?" एकदा तर ते वाकून कानाशी हळूच म्हणाले, "तुले बोलता येतच नोतं, उत्तम. तू अडाणी फुलवाला म्हून लोकं टाळ्या वाजवत."

उत्तमरावांचे डोळे पाण्यानं भरले. खांदे गदगदू लागले. वामनरावांनी आपल्याच रुमालानं त्यांचे डोळे पुसले, कारण सूनबाई चहा घेऊन येत होती. त्या रात्री त्यांना फार गाढ झोप लागली.

सून गीतांजली ओसरीत बायकांना घेऊन हार ओवायची. पूर्वी दोघी-तिघी असत. हळूहळू ओसरी भरायला लागली, गल्लीतले बाप्येही उंबऱ्याशी येऊन बसू लागले. गीतांजली तर मधेच तोंडाला पदर लावून आत पळायची. आपल्या वाणीत एवढी ताकद आहे हे वामनरावांना या वयात कळत होतं.

"काही बोलला का उत्तम?" ते जाताना विचारत.

"तुमच्यासमोर तं एक शब्द नाई, काका," गीतांजली म्हणे. "पण तुमची लय वाट पायतात मामाजी. उद्या नक्की या."

ते कोपऱ्यापर्यंत पोचले की मागून हसण्याचा गलका ऐकू येई. हारवाल्या बायका, त्यांना हसायला काय लागतं!

महोत्सवाचं अध्यक्षपद वामनरावांकडे आलं. उत्तमरावांचा मुलगा जीवन मंडळाचा चिटणीस. तोच घरी येऊन पाया पडला. "इतिहास तुमीच वाचा, काका. साऱ्या गावाले तुमच्याच तोंडून आयकाचा आहे."

एरवी मंडळाच्या सभेला माणसांपेक्षा खुर्च्या जास्त. त्या दिवशी लोक खिडक्यांत बसले होते. अमरावतीहून पाहुणे आले होते. उत्तमरावांची चाकाची खुर्ची जीवननं पहिल्या रांगेत आणून ठेवली. वामनराव अध्यक्षाच्या खुर्चीत जरा वेळ नुसते बसून राहिले. सुख यालाच म्हणतात, असं त्यांना वाटलं.

मग ते उठले, खाकरले. मागे कोणीतरी खाकरलं. त्यांनी वाचायला घेतलं आणि सभागृहात इतकी शांतता पसरली की त्यांना स्वतःच्याच आवाजाचं कौतुक वाटलं. चहाचा वाद झाला, सिनेमाचा झाला. टाळ्या पडल्या. अकोल्याची अंतिम फेरी आली.

"माझ्या शेवटच्या मुद्द्यानंतर," त्यांनी वाचलं आणि आरशासमोर ठरवल्याप्रमाणे बोट उंचावून श्वास घेतला.

"सभा उभी राहिली, आणि उत्तमरावांना एक शब्द सुचला नाही!" भरलेलं सभागृह एका सुरात म्हणालं. शंभरेक बोटं वर गेली होती.

वामनरावांचा हात तसाच हवेत राहिला. हशा ओसरला तेव्हा पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला.

"थांबला काहून, वामन? संक्रांतीपासून तू गेला का रोज मीच याइले म्हणून दाखोतो. बोल, पुढचं तू म्हणतं का मी म्हणू?"